खेळ कोणाचा? नियम घडविणाऱ्या खेळाडूंचा इतिहास

राजे-महाराजे, लढाया, तह आणि सनावळ्या यांनी आपल्या इतिहासाची पाने भरलेली असतात. खेळांना त्या पानांत जागा मिळालीच, तर ती जेत्यांच्या नावांपुरती आणि ढालींपुरती मिळते. परंतु जो खेळ आपण खेळतो त्याचे नियम कोणी घडविले, कोणत्या अडचणीतून घडविले आणि घडविताना प्रत्यक्ष खेळणाऱ्यांना कोणी विचारले काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात आम्ही याच प्रश्नाचा मागोवा घेणार आहोत. त्यासाठी प्रथम आपल्या महाराष्ट्राच्या मातीतले दोन खेळ पाहू आणि नंतर सातासमुद्रापलीकडे, एका टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या निराळ्याच खेळाकडे वळू. मातीतला खेळ आणि टेबलावरचा खेळ यांच्या कथा एकमेकींना इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की, एकीच्या प्रकाशात दुसरी अधिक स्पष्ट दिसते.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात स्थायिक झालेली आपली बहुतेक कुटुंबे कुठून ना कुठून आलेली. कोणी वसईच्या वाड्यांतून, कोणी कोकणातून, कोणी घाटावरून. चाळीच्या अंगणात किंवा चर्चच्या आवारात ही मुले एकत्र आली की, खेळ सुरू होण्यापूर्वी एक लहानशी परिषदच भरत असे. “आमच्याकडे असं नाही खेळत,” हे त्या परिषदेतले पहिले वाक्य. मग वाद, तडजोड आणि शेवटी सर्वांना मान्य असा नवा नियम. एखादे लहान भावंड मागे लागलेले असेल, तर त्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळात घ्यावयाचे. ते बाद झाले तरी त्याच्यावर राज्य यावयाचे नाही. हा नियम कोणत्याही पुस्तकात छापलेला नव्हता, कोणत्याही मंडळाने संमत केलेला नव्हता. तो खेळणाऱ्यांनी गरजेतून निर्माण केला आणि पिढ्यानुपिढ्या चालविला. दुबळ्यालाही खेळात जागा असली पाहिजे, हा त्यातला विचार एखाद्या प्रवचनात शोभावा इतका थोर आहे.

हुतूतू आणि खो-खो

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात देशी खेळांना शिस्त लावण्याची चळवळ सुरू झाली. क्रिकेट, हॉकी या इंग्रजी खेळांना छापील नियम होते, पंच होते, ठरावीक वेळ होती. आपल्या खेळांना यांपैकी काहीच नव्हते. एका गावचा संघ दुसऱ्या गावी गेला की, खेळण्यापेक्षा भांडणातच दिवस मावळावयाचा. पुण्यातील डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम ठरविण्यासाठी समिती नेमली. पुढे बडोद्याच्या जिमखान्याने १९२४ साली खो-खोची नियमावली छापून प्रसिद्ध केली. नेमणूक आणि छपाई यांमध्ये जी दहा वर्षे गेली, त्या काळात सामने होत राहिले आणि नियम मैदानावर घासूनपुसून पाहिले गेले. चार विद्वानांनी खोलीत बसून नियम लिहावेत आणि ते दुसऱ्या दिवशी लागू व्हावेत, असा हा प्रकार नव्हता.

हुतूतूची कथा अधिक बोधप्रद आहे. या खेळाला महाराष्ट्रात हुतूतू म्हणत, तर तामिळ मुलखात चेडुगुडू. शिवाय तो खेळण्याचे तीन प्रमुख प्रकार रूढ होते. ‘संजीवनी’ प्रकारात आपला गडी बाद झाला तरी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच तो पुन्हा जिवंत होऊन मैदानात येई. ‘जेमिनी’ प्रकारात बाद झालेला गडी, सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसून राही. ‘अमर’ प्रकारात गडी बाद झाला तरी मैदान सोडीतच नसे, फक्त प्रतिपक्षाला गुण मिळे.

या तिहींमध्ये निवड करणे हे वरवर दिसते तितके सोपे नव्हते. जेमिनीत थरार मोठा. पण ज्याला पहिल्याच चढाईत बाद केले, त्या मुलाने उरलेला सारा वेळ रेघेबाहेर बसून काढावयाचा. अमर प्रकारात कोणी बाहेर बसत नाही, परंतु बाद होण्याचे भयच उरले नाही तर चढाईला धार कोठून येणार? संजीवनीने या दोहोंचा मेळ घातला. चूक झाली तर बाहेर जावे लागते, पण सोबत्याच्या पराक्रमाने परत येता येते. हे शहाणपण तर्काने सुचण्याजोगे नाही. ज्यांनी रेघेबाहेर बसून कंटाळा अनुभवला आणि ज्यांनी सोबत्यामुळे परत मैदानात उतरण्याचा आनंद घेतला, त्यांच्याच तोंडून ते बाहेर पडू शकते. १९२१ साली महाराष्ट्रात संजीवनी आणि जेमिनी यांचा मिलाफ करून नियमांची एक चौकट तयार करण्यात आली. १९२३ साली खास समितीने तिच्यात दुरुस्त्या केल्या आणि त्याच वर्षी भरलेल्या अखिल भारतीय स्पर्धेत ते सुधारलेले नियम लावून पाहण्यात आले. आधी चौकट, मग खेळ, मग दुरुस्ती, मग पुन्हा खेळ, असा हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा. लेखाच्या उत्तरार्धात तोच क्रम निराळ्या वेषात पुन्हा भेटणार आहे.

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक जगापुढे केले. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकांचा मान मिळाला. नियमांची घडण मात्र थांबलेली नाही. २०१४ साली व्यावसायिक लीग आली आणि तिच्यात सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण मिळवावाच लागेल, नाही तर चढाई करणारा बाद, असा नियम आला. २०२२ साली पुण्याच्या बालेवाडीत खो-खोची व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा कोणत्याही दिशेने धावू शकणारा ‘वजीर’ त्या जुन्या खेळात दाखल झाला. ठाण्याच्या विहंग क्रीडा मंडळासारख्या संस्थांनी ज्या खेळाची परंपरा जोपासली, तो खेळ २०२५ च्या जानेवारीत नवी दिल्लीत पहिल्या विश्वचषकापर्यंत पोहोचला.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नियम एक झाले तेव्हा गावोगावचे निराळे डाव मागे पडले. समित्यांत बसलेली माणसे प्रामुख्याने शहरी जिमखान्यांतली होती. खेड्यातल्या मुलांना आणि मुलींना त्यांच्या खेळाबद्दल कोणी मत विचारल्याचे दिसत नाही. कबड्डीत स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा भरावयास १९५५ साल उजाडावे लागले. खेळणाऱ्यांना विचारावयाचे म्हणजे नेमके कोणाला विचारावयाचे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

टेबलाभोवतीचे नाटक

आता आपण मैदानावरून घरात येऊ. ‘भातुकली’ आपण सर्वांनीच खेळली आहे. एक मूल आई होते, एक बाबा होते, बाहुलीचे लग्न ठरते. ‘राजा, प्रधान, चोर, शिपाई’ या खेळात चार चिठ्ठ्या पडतात आणि ज्याच्या हाती जी चिठ्ठी येईल ती त्याची भूमिका. भातुकलीत कल्पना आहे पण नियम नाहीत. चिठ्ठ्यांच्या खेळात नियम आहेत पण कल्पनेला वाव नाही. या दोहोंचे लग्न लावले तर जो खेळ निर्माण होईल, त्याला इंग्रजीत ‘रोल प्लेइंग गेम’ म्हणतात. आपण त्याला भूमिकाखेळ म्हणू.

यात पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंगाचे वर्णन करतो: रात्रीची वेळ आहे, समोर पडका किल्ला आहे, आतून कण्हण्याचा आवाज येतो आहे. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र झालेले असतात आणि आपले पात्र काय करील ते सांगतात. कृती अवघड असेल, तर फासा टाकून यशापयश ठरते. येथे कोणी कोणाला हरवीत नाही. सर्वांनी मिळून एक कथा रचावयाची असते आणि ती कोठे जाईल हे सूत्रधारालाही पुरते ठाऊक नसते.

या खेळाचे मूळ गंमतीत नसून युद्धशास्त्रात आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर खेळावयाचा युद्धखेळ सिद्ध केला. त्यात फासे होते, तक्ते होते आणि निर्णय देणारा पंच होता. परंतु तक्त्यांची आकडेमोड इतकी किचकट की, अनेक अधिकारी कंटाळून जात. १८७६ साली फेर्डी द्यु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या विवेकावर भिस्त ठेवण्याची पद्धत पुरस्कारिली. नियम करणाऱ्याने काटेकोरपणा आणला आणि खेळणाऱ्यांच्या कंटाळ्याने त्याला सुटसुटीत केले, ही या इतिहासातली पहिली नोंद होय.

विसाव्या शतकात हा युद्धखेळ हौशी तरुणांच्या हाती गेला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ साली नेपोलियनच्या काळातील ब्राउनश्टाइन या काल्पनिक गावाचा डाव मांडला. पलटणी देण्याऐवजी त्यांनी प्रत्येकाला त्या गावातली एकेक व्यक्ती दिली. कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. लढाई सुरूच झाली नाही. खेळाडू कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन खलबते करू लागले. दोघांनी तर परस्परांत द्वंद्वयुद्ध करण्याचे ठरविले आणि त्यासाठी नियमच नसल्याने वेस्लींना तिथल्या तिथे निर्णय द्यावा लागला. डाव हाताबाहेर गेला आणि आपण फसलो असे वेस्लींना वाटले. खेळाडू मात्र दुसऱ्या डावाची मागणी करीत त्यांच्या मागे लागले. ज्याला कर्त्याने अपयश मानले, त्यात खेळणाऱ्यांनी नव्या खेळाचा जन्म पाहिला.

चांभारकाम करणारा ग्रंथकर्ता

वेस्लींच्या त्या मंडळीत डेव्ह अर्नेसन नावाचा तरुण होता. त्याने १९७१ च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ नावाचे काल्पनिक संस्थान रचून त्यात आपल्या मित्रांना फिरविण्यास आरंभ केला. लढाईसाठी त्याने ‘चेनमेल’ या पुस्तिकेतले नियम घेतले होते. त्या नियमांनुसार एकाच घावात पात्र मरून जाई. आठवडेच्या आठवडे सांभाळलेले आपले पात्र असे एका फाशासरशी जावे, हे मित्रांना मुळीच रुचेना. तेव्हा अर्नेसनने जहाजांच्या लढाईच्या नियमांतून एक कल्पना उचलली. जहाज जसे काही आघात सोसून मग बुडते, तसे पात्रालाही आघात सोसण्याचे ठरावीक गुण दिले. आज जगभरच्या संगणकीय खेळांत पात्राच्या डोक्यावर जी आयुष्याची पट्टी दिसते, तिचे मूळ या तक्रारीत आहे. जेमिनीतल्या रेघेबाहेर बसलेल्या मुलाचे आणि मिनेसोटातल्या या मित्रांचे गाऱ्हाणे एकच होते: आम्हांला खेळातून इतक्या लवकर काढू नका.

आणखी एक प्रसंग आपल्या वाचकांना विशेष वाटेल. ब्लॅकमूरमध्ये एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू पिशाच्च झाले, ‘सर फँग’ नावाचे. ते इतके प्रबळ झाले की, इतरांना त्याच्यापुढे टिकाव धरवेना. खेळाचा तोल सावरण्यासाठी मग पिशाच्चाला पिटाळणारा एक धर्मगुरू निर्माण करण्यात आला आणि माइक कार या खेळाडूने ती भूमिका घेतली. त्या पात्राचे नावच पुढे ‘बिशप कार’ पडले. भूमिकाखेळांत आजही योद्धा आणि जादूगार यांच्या बरोबरीने धर्मगुरूचे पात्र असते आणि जखमा भरून काढणे हे त्याचे मुख्य काम असते. एका टेबलावरच्या अडचणीतून उगवलेली ही भूमिका आहे.

‘चेनमेल’चे एक कर्ते गॅरी गायगॅक्स हे विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावी राहत. १९७० साली विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर ते घरी जोडे दुरुस्त करून संसार चालवीत आणि उरलेल्या वेळात खेळ रचीत. १९७२ च्या अखेरीस अर्नेसनने त्यांच्या घरी येऊन ब्लॅकमूरचा एक डाव खेळून दाखविला. गायगॅक्स यांनी ताबडतोब नियम लिहावयास घेतले. पहिला मसुदा सुमारे ५० पानांचा होता. त्याची पहिली परीक्षा घेतली ती त्यांच्याच मुलांनी, अर्नी आणि एलीस यांनी. मग शेजारचे मित्र आले आणि टेबल अपुरे पडू लागले. मसुद्याच्या प्रती दूरच्या हौशी मंडळींना टपालाने गेल्या आणि त्यांच्या शंका, तक्रारी, सूचना टपालाने परत आल्या. त्यांतून सुमारे १५० पानांचा दुसरा मसुदा तयार झाला.

दूरच्या मंडळींना मसुदा पाठविण्याचे महत्त्व येथे समजून घेतले पाहिजे. कर्ता समोर बसला असेल, तर नियमांतली त्रुटी तो तोंडी भरून काढतो आणि ती कागदावर तशीच राहते. ज्याने कर्त्याला कधी पाहिले नाही, त्याच्या हाती केवळ कागद पडला म्हणजे कागदाची खरी कसोटी लागते. आजीची पाककृती तिच्या शेजारी उभे राहून केली तर जमते. पण तीच नुसती लिहून घेतली की, ‘अंदाजाने मीठ’ येथे सून अडते. तसाच हा प्रकार आहे.

१९७३ च्या ऑक्टोबरात गायगॅक्स आणि त्यांचे बालमित्र डॉन के यांनी प्रकाशनसंस्था काढली. १९७४ च्या जानेवारीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला: एका पेटीत तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर, प्रती १,०००. वर्ष संपण्याच्या सुमारास त्या संपल्या. नियम अपुरे होते, पण तेच त्यांचे बळ ठरले. प्रत्येक टेबलाने आपापल्या परीने भर घातली. कॅलिफोर्नियातील काही खेळाडूंनी ‘चोर’ हे नवे पात्र रचून खेळावयास घेतले. ती कल्पना दूरध्वनीवरून गायगॅक्स यांच्या कानी गेली आणि १९७५ च्या पुरवणीत चोर छापून आला. त्याच वर्षी ली गोल्ड या बाईंनी लॉस एंजेलिसमध्ये ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ नावाचे नियतकालिक काढले. खेळाडूंनी आपापली पाने लिहून पाठवावयाची आणि बाईंनी ती एकत्र करून सर्वांना धाडावयाची. आपल्या धर्मग्रामांची सायक्लोस्टाइल केलेली पत्रके ज्यांना आठवतात, त्यांना या प्रकाराची कल्पना चटकन येईल. ते नियतकालिक २०२५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ५० वर्षे चालले.

श्रेय, भय आणि मालकी

येथपर्यंतची कथा मैत्रीची आहे. पुढे पैसा आला. खेळाची सुधारित आवृत्ती १९७७ पासून निघू लागली, तेव्हा गायगॅक्स यांची भाषाही बदलली. आता त्यांना सर्व टेबलांवर एकच अधिकृत नियम हवे होते. सुधारित आवृत्तीच्या रॉयल्टीवरून अर्नेसन यांनी १९७९ साली दावा लावला आणि १९८१ साली तो तडजोडीने मिटला. ज्यांच्या तक्रारींतून, भांडणांतून आणि रात्रीच्या जागरणांतून तो खेळ घडला, त्या अनेकांना मात्र पुस्तकातल्या आभारापलीकडे काही मिळाले नाही.

दुसरे संकट भयाचे होते. या खेळात भुतेखेते आणि सैतान असल्यामुळे तो मुलांना आत्मघाताकडे आणि अभिचाराकडे नेतो, असा गवगवा १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत झाला. शोकाकुल पालकांचे दुःख खरे होते. परंतु त्या आरोपाला पुढच्या अभ्यासांत आधार मिळाला नाही. प्रकाशकांनी लोकमतापुढे मान तुकवून १९८९ च्या आवृत्तीतून सैतानांची नावे काढून टाकली. ती नावे २००० सालच्या आवृत्तीत परत आली. म्हणजे जे टेबलावर कधी बसले नाहीत त्यांनीही खेळाचे नियम बदलले. मूल काय खेळते हे दुरून ऐकून ठरविण्यापेक्षा पालकांनी एकदा त्याच्या शेजारी बसून डाव पाहावा, एवढाच बोध आम्ही येथे नोंदवितो.

मूळ संस्था डबघाईला आली आणि १९९७ साली ‘विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने ती विकत घेतली. २००० साली नव्या मालकांनी एक धाडसी पाऊल टाकले. खेळाच्या नियमांचा गाभा खुल्या परवान्याखाली सर्वांना वापरावयास दिला. कोणीही त्यावर आपली साहसकथा, आपले पात्र, आपला निराळा खेळ रचून विकावा. लहान-मोठ्या प्रकाशकांची एक पिढीच त्यावर उभी राहिली.

२००८ साली खेळाची चौथी आवृत्ती आली आणि ती अनेक जुन्या खेळाडूंना आवडली नाही. ‘पायझो’ नावाच्या प्रकाशनसंस्थेने त्याच वर्षी जुन्याच नियमांवर बेतलेला ‘पाथफाइंडर’ हा खेळ जाहीर केला. अपुरा मसुदा सर्वांना खुला करून वर्षभर खेळाडूंकडून तो तपासून घेतला आणि २००९ साली ग्रंथ छापला. हा धडा मूळ कंपनीनेही गिरविला. पाचव्या आवृत्तीचा मसुदा २०१२ च्या मे महिन्यात खेळाडूंच्या हाती देण्यात आला. दोन वर्षांत १,७५,००० हून अधिक जणांनी तो खेळून पाहिला आणि प्रश्नावल्या भरून पाठविल्या. २०१४ साली ग्रंथ आला.

या परीक्षेत काय टिकले आणि काय गळाले? अनुकूल परिस्थिती असेल तर दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यावा आणि प्रतिकूल असेल तर लहान, हा साधा नियम पहिल्याच मसुद्यात होता. तो सर्वांना एकदम पसंत पडला, कारण आकडेमोड नाहीशी झाली. याउलट, योद्ध्याला लढाईतल्या खास डावांसाठी जादा फासे देण्याची एक योजना होती. काहींना ती फार आवडली, तर काहींना आपला योद्धा साधाच हवा होता. शेवटी ती योजना सर्व योद्ध्यांवर न लादता त्यांच्या एका उपप्रकारापुरती ठेवण्यात आली. संजीवनी आणि जेमिनी यांच्या मिलाफाची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. अर्थात बहुमताने सारेच ठरविले, तर अवीट असे काही निपजण्याऐवजी कोणालाच न टोचणारे काही तरी निपजते, हाही धोका आहे. खेळणारा कोठे दुखते ते अचूक सांगतो. औषध कोणते द्यावे, हे मात्र अखेर वैद्यालाच ठरवावे लागते.

२०२३ चा जानेवारी

मालकीचा प्रश्न मात्र धुमसतच होता. २०२३ च्या जानेवारीच्या आरंभी कंपनीच्या नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना खुला परवाना रद्द करावयाचा आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरांहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांकडून रॉयल्टी घ्यावयाची, असे त्यात होते. तेवीस वर्षे ज्यावर लोकांनी आपले संसार उभारले, तो पायाच काढून घेण्यासारखे हे होते. खेळाडूंनी निषेधपत्रांवर सह्या केल्या आणि कंपनीच्या सेवेची वर्गणी बंद केली. कंपनीने मसुदा सौम्य करून, नेहमीच्या पद्धतीने प्रश्नावली पाठविली. १५,००० हून अधिक उत्तरे आली. जुना परवाना रद्द करण्यावर ८९ टक्के लोकांनी नापसंती नोंदविली.

त्या महिन्याच्या २७ तारखेस कंपनीने माघार घेतली. जुना परवाना कायम राहिला. इतकेच नव्हे, तर पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा सुमारे ४०० पानांचा गाभा ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या सार्वजनिक परवान्याखाली देऊन टाकण्यात आला. तो परवाना कंपनीलाही परत घेता येत नाही. ज्या प्रश्नावलीने आजवर फासे आणि पात्रे तपासली, तिनेच या वेळी मालकीची परीक्षा घेतली. अर्नेसन २००९ साली आणि गायगॅक्स २००८ साली निवर्तले होते. लेक जिनिव्हाच्या टेबलावर सुरू झालेला वाद त्यांच्या पश्चात असा निकालात निघाला.

येथे आपल्या हुतूतूकडे पुन्हा एकवार पाहावे. १९२३ साली समितीने दुरुस्त केलेल्या नियमांवर कोणी मालकी सांगितली नाही. गल्लीत रेघा मारून कबड्डी खेळणाऱ्या मुलाला कोणाचाही परवाना लागत नाही. आपल्या पूर्वसूरींनी जे सहज देऊन टाकले, ते अमेरिकेतल्या खेळाडूंना अर्ध्या शतकाच्या झगड्यानंतर मिळाले. मात्र तेथील खेळाडूंची मते लिहून ठेवली गेली, छापली गेली आणि जपली गेली. आपल्याकडे संजीवनीचा पक्ष घेणाऱ्या त्या पोरांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत. एकाने हक्क जपला, दुसऱ्याने नोंद जपली. खरे पाहता खेळणाऱ्याला या दोहोंचाही अधिकार आहे.

म्हणून आमची आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना एक विनंती आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील आपल्या घरांत आजी-आजोबांच्या स्मरणात अजून कितीतरी डाव आहेत, प्रत्येक वाडीचे आणि प्रत्येक आळीचे निराळे. ते नियमांसकट लिहून घ्यावेत. बाद कधी, राज्य कोणावर, कच्च्या लिंबूला सवलत किती, हे सारे. आणि सणाच्या दिवशी आवारात मुलांचे खेळ ठेवताना नियमांचा कागद त्यांच्या हाती देऊन थांबू नये. पहिला डाव झाल्यावर त्यांना विचारावे की, यात काय बदलावे? ती जे सांगतील त्यातले काही बालिश असेल, काही रडीचे असेल. परंतु एखादे मूल असेही म्हणेल की, जो लवकर बाद होतो त्याला परत येण्याची वाट ठेवा. त्या मुलाचे म्हणणे लिहून घ्यावे, आणि त्याच्या नावासह लिहून घ्यावे.